धुराचा वजनकाटा

आधी एक कबुली देते. माझं शिक्षण पहिलीपासून कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे माझं मराठी म्हणजे घरात बोलून आलेलं मराठी. ऱ्हस्व-दीर्घाची जबाबदारी संपादक मंडळानं घेतली आहे, आकडेमोडीची माझी. तेव्हा शुद्धलेखनात चूक दिसली तर त्यांना धरा, गुणाकारात दिसली तर मला!

आता मुद्द्याकडे. आमचं गाव वाळवा तालुक्यात. लहानपणी गळीत हंगामात ऊस भरलेल्या ट्रॉलीमागं काकांबरोबर (आम्ही त्यांना तात्या म्हणतो) जायचं मला भारी वेड. ट्रॉली कारखान्यात जायच्या आधी तात्या ती रस्त्याकडेच्या खासगी काट्यावर घालायचे आणि पावती खिशात ठेवायचे. मी विचारलं, "तात्या, पुढं परत वजन होणारच की, मग इथं कशाला पैसे घालवायचे?" तात्या म्हणाले, "पोरी, काटा ज्याचा, हिशेब त्याचा. आपल्याजवळ आपला आकडा असावा."

सांगली-साताऱ्याकडच्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही. 'काटामारी' हा शब्दच आपल्याकडे घरोघरी माहीत. पण दुसऱ्या वर्षाच्या मिनी प्रोजेक्टसाठी ग्लोबल वॉर्मिंगचं वाचायला लागले आणि लक्षात आलं, की जगाच्या हवामान-परिषदांमध्ये गरीब आणि विकसनशील देशांचं नेमकं हेच म्हणणं आहे. कुणी किती धूर सोडला हे ठरवायचं, पण काटा कुणाचा?

मोजायचं म्हणजे नक्की काय करायचं?

पहिला गैरसमज काढून टाकू. देशाचं उत्सर्जन मोजायला प्रत्येक धुराड्यावर यंत्र बसवत नाहीत. बहुतेक ठिकाणी एकच साधं सूत्र वापरतात:

उत्सर्जन = कामाचं प्रमाण × उत्सर्जन गुणक

कामाचं प्रमाण म्हणजे किती लिटर डिझेल जाळलं, किती पोती युरिया टाकला, किती म्हशी आहेत. उत्सर्जन गुणक म्हणजे एका लिटरमागे, एका पोत्यामागे, एका म्हशीमागे किती वायू बाहेर पडतो. आयपीसीसी या आंतरराष्ट्रीय शास्त्रज्ञांच्या संस्थेनं २००६ साली याचे जाडजूड मार्गदर्शक खंड काढले, २०१९ साली त्यांत सुधारणा केली. ते कुणालाही फुकट मिळतात.

त्यात तीन पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर आयपीसीसीनं दिलेला तयार गुणक घ्यायचा. दुसऱ्या पायरीवर आपल्या देशात मोजून काढलेला गुणक घ्यायचा. तिसरीवर प्रत्यक्ष सविस्तर मोजमाप किंवा मॉडेल. पायरी जितकी वरची, तितका आकडा खरा आणि खर्चही जास्त. विकसनशील देशांना मदत हवी ती मुख्यतः पहिल्या पायरीवरून दुसरीवर चढायला.

तात्यांचं एक एकर

नुसतं सूत्र वाचून डोक्यात शिरत नाही, म्हणून मी तात्यांच्या एक एकर उसाचा हिशेब मांडला. आकडे त्यांच्या तोंडचे, गुणक आयपीसीसीचे.

(१) युरिया. ४५ किलोची ६ पोती, म्हणजे २७० किलो. त्यात ४६ टक्के नायट्रोजन, म्हणजे सुमारे १२४ किलो. पहिल्या पायरीचा गुणक सांगतो, की यातला १ टक्का नायट्रोजन मातीतल्या जिवाणूंमुळे नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातो. म्हणजे १.२४ किलो नायट्रोजन. इथं मी पहिल्यांदा सपशेल आपटले. हाच आकडा घेऊन पुढं गेले. सरांनी वही बघून एवढंच विचारलं, "नायट्रोजन मोजलास की नायट्रस ऑक्साइड?" ऑक्सिजनचं वजन धरायचं राहिलं होतं! ४४ भागिले २८ नं गुणलं की १.९५ किलो नायट्रस ऑक्साइड. हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या २६५ पट उष्णता धरतो. म्हणजे सुमारे ५१७ किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचं उत्सर्जन. शिवाय युरियातला स्वतःचा कार्बन सुटतो तो १९८ किलो. एकूण ७१५.

(२) पाचट. समजा अडीच टन वाळलेलं पाचट पेटवलं. यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड धरत नाहीत, कारण तो उसानं त्याच हंगामात हवेतून घेतलेला असतो. धरतात ते मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड. टनामागे २.७ किलो मिथेन (२८ पट) आणि ०.०७ किलो नायट्रस ऑक्साइड. एकूण सुमारे २३५ किलो.

(३) मोटार. ५ हॉर्सपॉवरची मोटार साधारण साडेचार किलोवॅट खेचते. देशाच्या ग्रिडमधल्या एका युनिटमागे ढोबळ ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरू. आता पाण्याच्या पाळ्या किती? तात्या म्हणाले, "वीस... पंचवीसपण धर." एका पाळीला किती तास? "सहा, नाहीतर नऊ. लाईट कशी असंल तशी." म्हणजे ५४० युनिट किंवा १०१२ युनिट. उत्तर ३८० किलो किंवा ७१० किलो!

हे उत्तर बघून मी बराच वेळ गप्प बसले. तात्यांनी विचारलं, "काय गं, धूर तर पाचटाचा दिसतोय, मग खताचा आकडा मोठा कसा?" तिथंच मला या विषयातली पहिली गोष्ट कळली. डोळ्यांना दिसतं ते मोठं असतंच असं नाही. (याचा अर्थ पाचट पेटवा असा कुणी घेऊ नका. पाचट जाळलं की जमिनीचा सेंद्रिय कर्ब आणि नत्र दोन्ही जातं. कुजवलं तर शेताचाच फायदा.)

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. माझा सगळ्यात मोठा गोंधळ कुठं झाला? अवघड रसायनशास्त्रात नाही, साध्या मोटारीच्या तासांत. महाराष्ट्रात कितीतरी शेतीपंपांना मीटरच नाही, बिल हॉर्सपॉवरवर येतं. मग शेतीला किती वीज गेली हा अंदाज, आणि गळती किती हाही अंदाज. एकीकडचा आकडा फुगला की दुसरीकडचा आपोआप बारीक होतो. यावरून वीज नियामक आयोगापुढे वर्षानुवर्षे वाद झाले आहेत. म्हणजे ज्या गोष्टीचा मीटर साध्या विहिरीवर नाही, तिचा हिशेब आपण दिल्लीत आणि तिथून जगापुढे मांडायचा आहे.

खताचा गुणक तरी पक्का आहे का? तोही नाही. २०१९ च्या सुधारणेत त्याच १ टक्क्याचे दोन भाग केले. कोरड्या हवामानात ०.५, दमट हवामानात १.६. मग तात्यांच्या ५१७ किलोचे कुठं २५८ होतात, कुठं ८२७. एकाच सांगली जिल्ह्यात पावसाळी शिराळा आहे आणि दुष्काळी जतही आहे. दोघांना एकच गुणक लावून कसं चालेल? आपल्या मातीत कुणीतरी पेट्या ठेवून, वायू गोळा करून, आपला गुणक काढायला नको का?

भाताची गोष्ट

"एवढं काटेकोर मोजून काय मिळणार?" असं विचारणाऱ्यांसाठी ही खरी गोष्ट.

१९९० च्या सुमारास अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं अंदाज केला, की भारतातल्या भातशेतीतून दर वर्षी सुमारे ३ कोटी ७० लाख टन मिथेन बाहेर पडतो. हा आकडा परदेशातल्या थोड्या शेतांवरची मोजमापं आपल्या क्षेत्रफळाला लावून काढला होता. तो खरा मानला असता तर गरिबाच्या ताटातला भात हा जगाचा मोठा गुन्हेगार ठरला असता. नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतले डॉ. ए. पी. मित्रा यांच्या पुढाकारानं १९९१ साली देशभर मिथेन मोजण्याची मोहीम झाली. निरनिराळ्या राज्यांत, निरनिराळ्या पाण्याच्या शेतांत प्रत्यक्ष नमुने घेतले. उत्तर आलं सुमारे ४० लाख टन. जवळजवळ नवव्या हिश्शाचं!

कारण साधं होतं. सतत तुंबलेल्या पाण्यात मिथेन जास्त होतो. आपल्याकडचं बरंचसं भात पावसावर, मधूनमधून पाणी ओसरणाऱ्या खाचरात. पाटण, जावळी किंवा शिराळ्यातल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारलं असतं तरी त्यानं हे सांगितलं असतं. पण त्याच्या सांगण्याला आकड्याची पावती जोडलेली नव्हती.

त्याच वर्षी अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी एक छोटी पुस्तिका काढून विचारलं, की जगण्यासाठी होणारं उत्सर्जन आणि चैनीसाठी होणारं उत्सर्जन एकाच तागडीत कसं तोलता? तो प्रश्न आजही संपलेला नाही. पण तो प्रश्न ठामपणे विचारायला हातात स्वतःचे आकडे लागतात.

गुरांचंही तसंच. आयपीसीसीच्या २००६ च्या तक्त्यात भारतीय उपखंडातल्या दुभत्या गायीला वर्षाला ५८ किलो मिथेन लावला आहे. आपल्या शास्त्रज्ञांनी चारा आणि वजन बघून काढलेला गुणक देशी दुभत्या गायीसाठी २८ आणि संकरित गायीसाठी ४३ किलो. आपल्या माणदेशातल्या खिल्लार गायीला परक्या काट्यावर घातली असती तर तिच्या नावावर दुप्पट वजन चढलं असतं.

चाळकेवाडीचा वारा आणि 'झालं असतं तर'

आतापर्यंत सोडलेला वायू मोजला. आता न सोडलेला वायू मोजू. होय, तोही मोजतात!

साताऱ्याहून ठोसेघरच्या पुढं चाळकेवाडीचं पठार, पाटणकडे वनकुसवडे, आणि सांगली जिल्ह्यात कवठेमहांकाळकडचं ढालगाव. पवनचक्क्या आपण सगळ्यांनी पाहिल्यात, फोटोही काढलेत. त्यातली जुन्या काळची एक ३५० किलोवॅटची पवनचक्की घ्या. वर्षाचे ८७६० तास ती पूर्ण ताकदीनं फिरत नाही. सरासरी २० टक्के धरू. म्हणजे सुमारे ६ लाख १३ हजार युनिट. ही वीज आली नसती तर ती ग्रिडमधून आली असती, आणि ग्रिड मुख्यतः कोळशावर. ०.७ नं गुणलं की वर्षाला सुमारे ४३० टन कार्बन डायऑक्साइड वाचला.

क्योटो करार १६ फेब्रुवारी २००५ ला लागू झाला, तेव्हा या 'वाचलेल्या' टनांना बाजार मिळाला. विकसनशील देशात प्रकल्प, तिथं वाचलेले टन श्रीमंत देशानं विकत घ्यायचे. त्याला सीडीएम म्हणतात. सातारा-सांगलीतले पवनऊर्जा प्रकल्पही या यादीत गेले. पण 'वाचलं' हे ठरवायला 'नाहीतर किती झालं असतं' हे माहीत हवं. प्रत्येक प्रकल्पवाल्यानं ते आपापल्या सोयीनं ठरवलं तर? म्हणून २००६ साली केंद्रीय विद्युत प्राधिकरणानं देशातल्या वीजकेंद्रांचा कोळसा, गॅस, युनिटं मांडून ग्रिडचा अधिकृत गुणक प्रसिद्ध केला. या कामात जर्मनीच्या जीटीझेड संस्थेचं तांत्रिक साहाय्य होतं. आधी हे गुणक विभागवार होते. ३१ डिसेंबर २०१३ ला दक्षिणेचं ग्रिड बाकी देशाशी जोडलं गेलं आणि पुढं सगळ्या देशाचा गुणक एक झाला.

मला हे मदतीचं सगळ्यात चांगलं उदाहरण वाटतं. परदेशी तज्ज्ञ आले, पद्धत बसवली, पण काटा आपल्या संस्थेकडे राहिला. त्याच्या नव्या आवृत्त्या निघत राहिल्या. आज कुठलाही विद्यार्थी तो तक्ता उघडून गणित करू शकतो. मी केलंच की!

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. २०१२ च्या अखेरीस या क्रेडिटांचे भाव कोसळले, आणि युरोपनं २०१३ पासून नव्या प्रकल्पांची क्रेडिटं फक्त अतिमागास देशांतूनच घ्यायचं ठरवलं. म्हणजे गिऱ्हाईक गेलं. पण मोजायची शिस्त राहिली. ती आता उपयोगी पडते आहे. जून २०२३ मध्ये भारतानं स्वतःच्या कार्बन बाजाराची योजना अधिसूचित केली आहे.

इथं एक धोका लक्षात ठेवा. वाचलेला टन परदेशाला विकला आणि आपल्याही खात्यात वाचला म्हणून दाखवला, तर एकाच उसाची दोन कारखान्यांत नोंद केल्यासारखं झालं. पॅरिस कराराच्या सहाव्या कलमाचे नियम ही दुहेरी नोंद टाळायलाच केलेत.

देशाचं प्रगतिपुस्तक

महापुरात सांगलीकर दर तासाला काय विचारतो? "आयर्विनची पातळी किती?" ऑगस्ट २०१९ मध्ये ती ५७ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी ४५ असताना. मी तेव्हा शाळेत होते. आमच्या घरात कुणी नुसता आकडा ऐकून थांबत नव्हतं. पुढचा प्रश्न ठरलेला: "चढतंय की उतरतंय?" सामान वर चढवायचं की नाही हे त्यावर ठरायचं.

देशाचंही तसंच. एका वर्षाचा आकडा कळून भागत नाही, सलग आकडे लागतात. भारताचा पहिला राष्ट्रीय अहवाल २००४ साली गेला, तो १९९४ सालच्या उत्सर्जनाचा! दहा वर्षांपूर्वीची पातळी आज सांगितल्यासारखं. मग २०१० साली आपल्या शास्त्रज्ञांनी २००७ चा हिशेब दिला. पुढं दर काही वर्षांनी अहवाल जाऊ लागले. डिसेंबर २०२४ मध्ये दिलेल्या अहवालात २०२० चा हिशेब आहे:

* एकूण उत्सर्जन: सुमारे २९६ कोटी टन (कार्बन डायऑक्साइडच्या हिशेबात)
* जंगलं आणि जमिनीनं शोषलेलं: सुमारे ५२ कोटी टन
* निव्वळ: सुमारे २४४ कोटी टन
* वाटा: ऊर्जा ७५.६६ टक्के, शेती १३.७२, उद्योगांतल्या प्रक्रिया ८.०६, कचरा २.५६

२०१९ पेक्षा हे उत्सर्जन ७.९३ टक्क्यांनी कमी. टाळ्या वाजवायच्या का? थांबा. २०२० म्हणजे लॉकडाऊनचं वर्ष. पाणी उतरलं ते पाऊस थांबला म्हणून, नदी खोल झाली म्हणून नाही. म्हणूनच एका वर्षावरून प्रगती ठरवत नाहीत.

भारतानं जगाला दिलेला शब्द एकूण टनांचा नाही, तीव्रतेचा आहे. म्हणजे एक रुपया उत्पन्नामागे किती वायू. २००५ ते २०२० मध्ये ही तीव्रता ३६ टक्क्यांनी कमी झाली, २०३० पर्यंत ४५ टक्के करायची आहे. साखर कारखान्यात एक टन ऊस गाळायला किती वाफ लागली हे बघतात ना, तसंच. टनामागची वाफ कमी होईल, पण गाळप दुप्पट झालं तर एकूण वाफ वाढेलच. दोन्ही आकडे खरे. पेपरात कुठला छापलाय ते बघून घ्या!

मग मदत कशाची हवी?

पॅरिस कराराच्या तेराव्या कलमानं जवळजवळ सगळ्या देशांना एकाच नमुन्यात दर दोन वर्षांनी हिशेब द्यायला सांगितलं. पहिला हप्ता डिसेंबर २०२४ अखेरचा होता. गरीब देशांना थोडी सवलत आहे, आणि क्षमता वाढवायला जागतिक पर्यावरण निधीतून सीबीआयटी नावाची योजना आहे. माझ्या अल्पमतीप्रमाणे तीन गोष्टींची मदत खरी:

पहिली, माणसं. सल्लागार येतात, अहवाल लिहितात आणि बॅग भरून जातात. पुढच्या अहवालाला परत श्रीगणेशा. त्यापेक्षा कायमचा वर्ग तयार करा.

दुसरी, नोंदी. प्रोजेक्टसाठी आम्ही एका कचेरीत तालुक्याच्या खतविक्रीचे आकडे मागायला गेलो. साहेब म्हणाले, "आकडे वर पाठवले." प्रत? "प्रत वरच असते." आकडा खालून वर जातो, पण खाली परत येत नाही. ज्यानं नोंद केली त्यालाच तिचा उपयोग नसेल तर तो नोंद मन लावून का करेल?

तिसरी, स्थानिक गुणक. आणि यात आपण यायला हवं. गॅस क्रोमॅटोग्राफ असलेली प्रयोगशाळा, सेन्सर जोडणारी मुलं आणि शेत, तिन्ही आपल्याकडे पन्नास किलोमीटरच्या आत आहेत.

हे लांबचं वाटत असेल तर युरोपचा कार्बन कर बघा. पोलाद, अॅल्युमिनियम, सिमेंट, खतं अशा मालावर ऑक्टोबर २०२३ पासून आधी नुसती माहिती मागितली, आणि १ जानेवारी २०२६ पासूनचा माल प्रत्यक्ष आकारणीत धरलाय. आपल्या कारखान्याचा तपासलेला आकडा दिला नाही, तर ते त्यांचा ठरीव आकडा लावतात, आणि तो सहसा आपल्या फायद्याचा नसतो. आला की नाही परत तात्यांचा वजनकाटा?

करून बघा

मित्र-मैत्रिणींनो, सुरुवात घरापासून. आपल्या होस्टेलचा एका महिन्याचा हिशेब मांडू:

* वीज: युनिट × ०.७ किलो
* मेसचा १९ किलोचा सिलिंडर: प्रत्येकी सुमारे ५७ किलो
* जनरेटर व कॉलेज बसचं डिझेल: लिटरमागे सुमारे २.७ किलो
* आपल्या टू-व्हीलरचं पेट्रोल: लिटरमागे सुमारे २.३ किलो

दोन सूचना. प्रत्येक आकड्यापुढं तो कुठून आला ते लिहा: बिल, मीटर, का 'मेसचे मामा म्हणाले'. आणि अंदाज असेल तर अंदाज म्हणूनच लिहा, उत्तर दशांशाच्या चार स्थळांपर्यंत ओढू नका. पुढच्या वर्षी ज्युनिअर्सनी हाच हिशेब परत करावा, म्हणजे चढतंय की उतरतंय ते कळेल.

ता. क. दिवाळीत गावी गेले होते. विहिरीवरच्या पेटीत खडूनं रेघा ओढलेल्या दिसल्या. पाळीला एक रेघ, बाजूला तास. मी तात्यांकडे बघितलं, तर म्हणाले, "पुढच्या वर्षी इचारशील तवा वीस का पंचवीस म्हणायला नको."

तात्या दुसऱ्या पायरीवर चढले. आता आपली पाळी.

— तृतीय वर्ष, विद्युत अभियांत्रिकी